चुन्याने भाजलेला डोळा आणि मूळपेशींची रोवणी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहफुले वेचण्याचे दिवस होते. सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाप आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या चंद्रपूरच्या दवाखान्यात आला. मुलाच्या डाव्या डोळ्यातले बुबुळ दिसतच नव्हते. त्यावर लालसर पांढरा, मांसाळ पडदा चढला होता. खालची पापणी एका कोपऱ्यात डोळ्याला चिकटली होती. मी तपासणी पुरी करण्याआधीच बाप म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माह्या एक डोळा काढा अन् पोराले लावून द्या. मले एका डोळ्यानं चालते."

मी विचारले, "डोळ्यात काय गेले होते?"

त्याने मान खाली घातली. "चुन्याची पुडी होती जी. माह्याच खिशातली."

पोळ्याच्या दिवशी बापाने खर्रा घोटण्यासाठी चुन्याची पुडी आणली होती. सदरा खुंटीला टांगलेला होता. मुलाने खिशातून पुडी काढली, दोन हातांत धरून दाबली, पुडी फुटली आणि चुन्याची पिचकारी सरळ डोळ्यात गेली. मूल किंचाळले. माय पाणी घेऊन धावली, तर आजी म्हणाली, "पाणी नोको टाकू, चुना उकळते." मग डोळ्यात तूप घातले. शेजारच्या बाळंतिणीचे दूध घातले. डोळा फडक्याने बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाला दवाखान्यात नेले, तोवर चुन्याने आपले काम केले होते. नंतरचे सहा महिने घरचे लोक कुणाच्या तरी सांगण्यावरून नेत्रपेढीतून डोळा मिळण्याची वाट पाहत बसले होते.

आजच्या लेखाचा विषय या एका डोळ्यात सामावला आहे. चुना डोळ्यात गेल्यावर नेमके काय बिघडते, नेत्रदानात मिळालेला पडदा बसवूनही असा डोळा का सुधारत नाही, आणि मूळपेशींचे रोपण नावाची शस्त्रक्रिया त्यावर काय करू शकते, ते आज पाहू. शेवटी प्रथमोपचार दिले आहेत. ज्यांना सगळा लेख वाचायला सवड नाही त्यांनी निदान तेवढे कापून घरात लावून ठेवावेत.

डोळ्याचा पडदा आणि त्याचा धुरा

आपल्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची रुंदी सुमारे १२ मिलिमीटर आणि मधोमध जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नसते, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो. त्याला लागणारा प्राणवायू तो मुख्यतः अश्रूंतून, म्हणजे बाहेरच्या हवेतून घेतो.

या पडद्याच्या सर्वांत वरच्या थराचे आयुष्य फार थोडे असते. पापणी दिवसातून हजारो वेळा त्यावरून फिरते, धूळ लागते, पेशी झिजून गळून पडतात. साधारण आठ-दहा दिवसांत हा थर पुरा नवा होतो. मग नव्या पेशी येतात कुठून? जिथे काळे बुबुळ संपून पांढरा भाग सुरू होतो, त्या गोल काठावरून. या काठाला लिंबस म्हणतात. तिथे मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, दडून बसलेल्या असतात. त्या जन्मभर विभागत राहतात आणि नव्या पेशी काठाकडून मध्याकडे सरकत जातात.

आपल्याकडच्या धानाच्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. काठ म्हणजे पऱ्ह्यांची जागा. पऱ्हे चांगले असतील तर बांधी भरते. पऱ्हेच जळाले तर बांधीत कितीही पाणी असो, धान उभे राहत नाही.

हा काठ आणखी एक काम करतो. तो दोन बांध्यांमधल्या धुऱ्यासारखा आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे आवरण रक्तवाहिन्यांनी भरलेले असते. ते बुबुळावर चढू नये म्हणून हा धुरा त्याला अडवून धरतो. काठावरच्या मूळपेशी मेल्या की धुरा फुटतो. पांढऱ्या भागावरचे आवरण आपल्या रक्तवाहिन्यांसह बुबुळावर पसरते, जसे रिकाम्या बांधीत तण माजते. त्या मुलाच्या डोळ्यावरचा मांसाळ पडदा म्हणजे हेच तण होते.

चुनाच एवढा घातक का

आम्लाने, म्हणजे ॲसिडने डोळा भाजतो, पण पुष्कळदा आम्ल वरच्या थरातील प्रथिने गोठवते आणि तो गोठलेला थर त्याला आत जाण्यास काहीसा अडथळा करतो. चुना हा अल्क आहे. त्याचा सामू १२ च्या वर जातो. अल्क पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करतो आणि वाट काढत आत शिरतो. त्यातून चुना चिकट असतो. त्याचे कण वरच्या पापणीच्या आत बसून राहतात आणि तिथून तासन् तास झिरपत राहतात. डोळा वरून धुतला, मूल शांत झाले, पण पापणीखाली वाटाण्याच्या डाळीएवढा चुना तसाच राहिला, असे मी स्वतः कितीतरी वेळा पाहिले आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत चुना कुठे नाही? खर्रा आणि तंबाखूसाठी तो पानठेल्यावर मिळतो आणि खिशाखिशात असतो. सणाच्या आधी भिंतींना लावण्यासाठी घराघरांत चुना भिजतो. कोरपना, राजुरा भागात चुनखडी आणि सिमेंटचा उद्योग आहे, आणि ओले सिमेंटही अल्कच असते. मोठ्या माणसांच्या डोळ्यात चुना जातो तो काम करताना. मुलांच्या डोळ्यात जातो तो पुडीतून. दिल्लीच्या एम्समधील नेत्रतज्ज्ञांनी २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून चुन्याच्या पुड्यांबद्दल इशारा दिला होता. पुडी मऊ असते, दाबायला मजा वाटते, आणि फुटते ती नेमकी तोंडासमोर धरलेली असताना.

नेत्रदानाचा डोळा इथे का चालत नाही

जिवंत माणसाचा चांगला डोळा काढून दुसऱ्याला कुणी देत नाही, हे त्या बापाला मी आधी सांगितले. शिवाय नेत्रदानातही सबंध डोळा बसवत नाहीत. मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्याच्या पारपटलाची साधारण आठ मिलिमीटरची गोल चकती कापून रुग्णाच्या पारपटलाच्या मधोमध बसवतात.

ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी झाली ती चुन्याने भाजलेल्या डोळ्यावरच. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी अलोइस ग्लोगार या मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर ती केली. चुन्याचे काम करताना त्याचे डोळे भाजले होते. एका डोळ्यातील रोपण फसले, दुसऱ्यातील टिकले आणि त्याला पुन्हा दिसू लागले. त्या डोळ्याचा काठ बहुधा पुरता मेलेला नसावा.

कारण असे, की नवी चकती मधोमध बसते, काठावर नाही. चकतीवरचा वरचा थर काही काळाने झिजून जातो आणि त्या जागी रुग्णाच्या स्वतःच्या काठाकडूनच नव्या पेशी यायला हव्यात. काठच मेला असेल तर येणार कुठून? मग चकतीवर जखम राहते, तण पुन्हा चढते आणि दान मिळालेला पडदा काही महिन्यांत गढूळ होतो.

याबाबतीत माझ्या हातूनही चूक झालेली आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत घरांना चुना मारणाऱ्या एका मजुराला मी सरळ पारपटल-रोपणासाठी मोठ्या शहरात पाठवले. रोपण झाले, चार महिन्यांत गढूळ झाले. दुसऱ्यांदा झाले, तेही गेले. त्याने विकलेली बैलजोडी त्यात संपली. काठ तपासून मगच पुढचे बोलायचे, हे मी त्या माणसाकडून शिकलो. नेत्रदानाचे मोल याने कमी होत नाही. जखमेने, जंतुसंसर्गाने किंवा अन्य रोगाने ज्यांचे पारपटल गेले पण काठ शाबूत आहे, त्यांना ते दृष्टी देते. पण चुन्याने काठ जळालेल्या डोळ्याला आधी काठ हवा, चकती नंतर, आणि तीही लागली तरच.

काठाची रोवणी कशी सुरू झाली

पारपटलाच्या मूळपेशी काठावर असतात, हे १९८० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. १९८९ मध्ये डॉ. केनेथ केनियन आणि डॉ. शेफर त्सेंग यांनी चांगल्या डोळ्याच्या काठाचे मोठे तुकडे घेऊन भाजलेल्या डोळ्याच्या काठावर बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. डोळे सुधारले, पण एक धास्ती होती. चांगल्या डोळ्याचा बराच काठ काढून घ्यावा लागे. एक डोळा वाचवताना दुसरा धोक्यात घालायचा का, हा प्रश्न सुटत नव्हता.

१९९७ मध्ये इटलीतील ग्रात्सिएला पेल्लेग्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काठाचा अगदी लहान तुकडा घेऊन प्रयोगशाळेत त्यापासून पेशींचा पातळ थर वाढवला आणि तो दोन रुग्णांच्या डोळ्यांवर बसवला. याच मार्गाने पुढे तयार झालेल्या उपचाराला २०१५ साली युरोपीय संघात मान्यता मिळाली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घडली ती शेजारी, हैदराबादेत. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे रोपण सुरू केले. २०११ मध्ये त्यांनी अशा २०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील ७१ टक्के डोळ्यांत रोपण टिकले होते. या कामासाठी डॉ. सांगवान यांना २००६ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पण अशी प्रयोगशाळा चालवणे फार खर्चाचे, आणि ती आपल्या देशात किती ठिकाणी असणार?

तेव्हा त्यांनी विचार केला, की पेशी प्रयोगशाळेतच कशाला वाढवायच्या? रुग्णाचा डोळाच त्यांना वाढवील. २०१२ साली डॉ. सांगवान, डॉ. सायन बसू आणि सहकाऱ्यांनी ही सोपी पद्धत पहिल्या सहा रुग्णांच्या अनुभवासह प्रसिद्ध केली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्लेट' म्हणतात. २०१६ मध्ये एका डोळ्याला भाजलेल्या १२५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांत ६० मुले होती. मध्यम पाठपुरावा दीड वर्षाचा होता आणि ७६ टक्के रुग्णांत रोपण टिकून होते. म्हणजे प्रयोगशाळेशिवायही निकाल खाली आला नाही. आज ही पद्धत परदेशांतील डॉक्टरही वापरतात.

शस्त्रक्रियेत काय करतात

प्रथम भाजलेल्या डोळ्यावर चढलेले मांसाळ आवरण हलक्या हाताने सोलून काढतात. त्यावर एक पातळ, पारदर्शक पडदा पसरतात. बाळंतपणात वारेसोबत जी पातळ पिशवी बाहेर पडते, तिच्या आतल्या थरापासून हा पडदा बनवतात. मातेची तपासणी करून, शुद्ध करून तो साठवलेला असतो. तो डोळ्यावर चिकटवण्यासाठी फायब्रिन नावाचा गोंद वापरतात. जखमेवर रक्त गोठते ते ज्या प्रथिनामुळे, त्याचाच हा गोंद.

मग चांगल्या डोळ्याच्या काठाचा अवघा दोन मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद तुकडा घेतात. त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करतात आणि पसरलेल्या पडद्यावर मध्यभाग सोडून गोलाकार, अंतरा-अंतराने लावतात. वरून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात, म्हणजे पापणी घासून तुकडे हलणार नाहीत.

वाचकहो, ही रोवणीच आहे. मूठभर पऱ्हे घ्यायचे, अंतर ठेवून लावायचे. प्रत्येक तुकड्यातून पेशी फुटतात, पसरतात आणि एकमेकींना जाऊन मिळतात. साधारण दोन आठवड्यांत सबंध पारपटलावर नवा थर तयार होतो. खालचा पडदा पुढे हळूहळू विरघळून जातो. हे सगळे एकाच बैठकीत होते. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते.

कोणाला उपयोग, कोणाला नाही

एक डोळा भाजला आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, त्याला या पद्धतीचा सर्वांत जास्त उपयोग. तुकडा स्वतःचाच असल्याने शरीर तो नाकारत नाही आणि त्यासाठी जन्मभर औषधे घ्यावी लागत नाहीत.

दोन्ही डोळे भाजले असतील तर जवळच्या नातेवाइकाच्या डोळ्याच्या काठाचा तुकडा किंवा मृत्यूनंतर दान मिळालेल्या डोळ्याचा काठ घेता येतो. पण तो परका असल्याने शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि त्यांचे दुष्परिणाम सोसावे लागतात. बापाने मुलाला डोळ्याचा अंश देण्याला वैद्यकात जागा आहे ती इथे. जपानमधील ओसाका येथे २०१९ साली दुसऱ्याच पेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेला पारपटलाचा थर प्रथमच रुग्णाला लावला गेला. अशा रुग्णांसाठी ती आशा आहे.

डोळा ताजा भाजलेला, लाल, सुजलेला असताना ही रोवणी करत नाहीत. पेटलेल्या बांधीत कोणी पऱ्हे लावत नाही. आधी थेंब, औषधे आणि गरज पडल्यास वारेच्या पडद्याचे आच्छादन यांनी दाह शांत करतात. त्यासाठी अनेक महिने थांबावे लागते. पापणी डोळ्याला घट्ट चिकटली असेल, अश्रू पार आटले असतील किंवा भाजल्यानंतर काचबिंदू झाला असेल, तर आधी त्यांची व्यवस्था लावावी लागते. रोपण आणि नेत्रदानाची चकती एकाच वेळी बसवली तर अपयशाचा धोका वाढतो, असेही त्या १२५ रुग्णांच्या अनुभवातून दिसले. म्हणून आधी काठ, मग गरज असेल तरच काही महिन्यांनी चकती. पुष्कळांना चकतीची गरजच उरत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र एक घाई असते. सात-आठ वर्षांपर्यंत डोळा आणि मेंदू यांची जोडणी पक्की होत असते. या काळात एका डोळ्याने दिसले नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात. नंतर पडदा कितीही स्वच्छ झाला तरी दृष्टी पुरी येत नाही. म्हणूनच नेत्रपेढीची वाट पाहण्यात त्या मुलाचे जे सहा महिने गेले, ते मला सर्वांत जास्त खुपले.

प्रथमोपचार : पहिला अर्धा तास

वर सांगितलेली शस्त्रक्रिया कितीही चांगली असली, तरी काठावरच्या मूळपेशी वाचतील की मरतील, हे बहुतांशी घरातच, पहिल्या अर्ध्या तासात ठरते.

१. चुना डोळ्यात गेला की त्याच क्षणी पाणी. हातपंपाचे, नळाचे, गुंडातले, पिण्याजोगे जे जवळ असेल ते. डॉक्टर शोधण्याआधी पाणी.

२. मुलाला चादरीत गुंडाळून आडवे धरा. एकाने डोके धरावे, दुसऱ्याने बोटांनी पापण्या उघडून धराव्यात, तिसऱ्याने लोट्याने नाकाकडून कानाकडे धार सोडावी, म्हणजे चुना दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. मूल रडेल, ओरडेल. थांबू नका.

३. निदान अर्धा तास धूत राहा. घड्याळ पाहून. दोन लोटे टाकून डोळा धुतला असे समजू नका.

४. चुन्याचे कण दिसले तर ओल्या, स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद टिपून घ्या. शक्य असेल तर वरची पापणी उलटवून आत पाहा.

५. तूप, तेल, मध, हळद, बाळंतिणीचे दूध, काहीही घालू नका. लिंबू किंवा आम्लाने चुना मारण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. डोळा बांधू नका.

६. धुऊन झाल्यावर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जाताना वाटेतही बाटलीने पाणी सोडत राहता आले तर उत्तम. डॉक्टरांना "चुना गेला आहे, पापणी उलटवून पाहा" असे स्वतःहून सांगा.

आता आजीबाईंच्या शंकेचे उत्तर. पाण्याने चुना उकळतो हे खरे आहे, पण ते कळीच्या चुन्याचे, म्हणजे न विझवलेल्या कोरड्या दगडी चुन्याचे. पुडीतला किंवा डबीतला चुना आधीच विझवून भिजवलेला असतो. तो पाण्याने उकळत नाही. कोरडी कळी डोळ्यात गेली तर दिसणारे खडे आधी चटकन झटकून काढा आणि मग भरपूर पाणी टाका. थोडे पाणी घातक, भरपूर पाणी तारक.

नेहमी विचारले जाणारे तीन प्रश्न

चांगल्या डोळ्याला धोका नाही ना? बुबुळाच्या काठाचा संपूर्ण घेर सुमारे ३६ मिलिमीटर असतो. त्यातील दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात. ती जखम थोड्याच दिवसांत भरते. तरी चांगला डोळा आधी नीट तपासून घेतलाच पाहिजे.

भाजून दहा-वीस वर्षे झाली, आता उपयोग आहे का? असू शकतो. त्या डोळ्याला उजेड कळतो का, डोळ्यातील दाब किती, अश्रू किती, मागचा पडदा आणि नस ठीक आहे का, हे पाहून ठरते. लहानपणीच भाजलेल्या डोळ्याची दृष्टी मात्र मर्यादितच येते. तपासणी आधी चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला करून घ्यावी. रोपण जिथे नियमित होते तिथे त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन जावे.

मधुमेहाने, काचबिंदूने गेलेला डोळा स्टेम सेलने परत येतो का? ही शस्त्रक्रिया फक्त पारपटलाच्या पृष्ठभागासाठी आहे. आतला पडदा किंवा नस तिने सुधारत नाही. "स्टेम सेलचे इंजेक्शन देऊन सर्व डोळे बरे करतो" असे सांगणाऱ्यांपासून दूर राहा. अमेरिकेत पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशींची इंजेक्शने डोळ्यात घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले आहे. त्यांनी त्यासाठी पैसेही मोजले होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले

मी त्या बापाला कागदावर दोन गोल काढून दाखवले. एका गोलाचा काठ काळा केला, दुसऱ्याचा तसाच ठेवला. म्हटले, "भाऊ, तुमचा डोळा नको. पोराच्याच दुसऱ्या डोळ्यात पऱ्हे आहेत, तिथून थोडे घेऊन इकडे लावायचे." तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होता. मग म्हणाला, "एवढंच होतं तर सहा महिने आमाले कोणी सांगितलं नाही."

दाह पुरता शांत होईपर्यंत मी मुलाला थेंबांवर ठेवले. नंतर चिठ्ठी देऊन हैदराबादला पाठवले. बल्लारशाहहून काजीपेटमार्गे रात्रीच्या गाडीने ते गेले. ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर मोफत उपचार करण्याचे त्या संस्थेचे सुरुवातीपासूनचे धोरण आहे, त्यामुळे बैल विकावे लागले नाहीत. चिकटलेली पापणी सोडवली, रोवणी झाली. परत आल्यावर थेंब आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हे मायने दीड वर्ष न चुकता केले. आळशी डोळ्याला कामाला लावण्याचा तोच उपाय. पट्टी लावली की पोरगा रडायचा, कारण त्याला जवळजवळ काहीच दिसत नसे.

मागच्या महिन्यात तो आला होता. डोळा पांढरा, शांत आहे. बुबुळ दिसते, थोडा धूसरपणा आहे. आधी त्या डोळ्याला उजेड आणि हाताची हालचाल एवढेच कळत होते. आता चष्म्याने तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी वाचतो. चांगल्या डोळ्याइतके त्याला कधी दिसणार नाही, हे मी बापाला स्पष्ट सांगितले आहे. पण उद्या दुसऱ्या डोळ्याला काही झाले तर हा मुलगा स्वतःच्या पायांनी शाळेत जाऊ शकेल.

जाताना मी बापाला विचारले, "खर्रा सुटला का?"

"अर्धा सुटला जी," तो म्हणाला. "पण पुडी घरात येत नाही. पानठेल्यावरच राहते."

सगळा सुटावा, हे मी त्याला पुन्हा सांगितले, तुम्हालाही सांगतो. तोंडाच्या कर्करोगासाठी तर सुटावाच. पण ज्यांचा आज सुटत नाही, त्यांनी निदान एवढे करावे. घरी जाऊन सदऱ्याचे खिसे तपासावेत. चुन्याची पुडी असेल तर ती आजच मुलांच्या हाताबाहेर, उंचावर, झाकणाच्या डब्यात ठेवावी. त्यानंतर अर्धा तास पाणी कसे टाकायचे ते घरातल्या आजीपासून मोठ्या पोरापर्यंत सर्वांना एकदा करून दाखवावे.

पुढील आठवड्यात धान कापणीच्या वेळी डोळ्यात लोंब किंवा पाते लागल्यास काय करावे, याविषयी.